रिकाम्या वाटीचे आठ उंदीर

४ मार्च

मनुष्यजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. त्यांत आज एकाची भर पडली असून तो थेट माझ्या पायांवर झाला आहे. बायकोच्या प्रयोगशाळेत शिरताना स्वतःचे बूट बाहेर काढायचे आणि तिथल्या रबरी सपाता घालायच्या, असा नियम आहे. मला मिळालेल्या दोन्ही सपाता डाव्या पायाच्या निघाल्या. दोन डाव्यांचं द्विवचन होतं, जोडी होत नाही. उजवा पाय दुपारभर डावीकडे तोंड करून चालत होता. हे मी बायकोच्या कानावर घातलं.

"अहो, या खोलीतून त्या खोलीत जायचंय. शर्यत नाही पळायची," ती म्हणाली.

मी तिथे कसा, तर तिचा मदतनीस मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आमच्या वर्तमानपत्रानं तर मला 'घरूनच बातम्या पाठवा' असं सुचवलं आहे. म्हणजे माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. तेव्हा घरात दुपारी रिकामा बसलेला, हातपाय शाबूत असलेला पुरुष एकच होता. मुलगा परगावी शिकायला गेल्यावर बायकोनं या वयात डॉक्टरेटचं मनावर घेतलं आहे. ही तिच्या उंदरांची शेवटची तुकडी. मुदत मे अखेर संपते. ही तुकडी बिघडली तर सगळं मुसळ केरात.

काम सोपं आहे. एका पेटीत दोन वस्तू ठेवतात, समजा बाटली आणि कुलूप. उंदीर आत सोडला की तो हुंगून हुंगून दोन्हींची चौकशी करतो. मग त्याला उचलून पडद्यामागच्या लहान पेटीत न्यायचं. तिथे एक वाटी असते. तांबड्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांसाठी तिच्यात साखरेच्या गोळ्या, निळ्या चिठ्ठीवाल्यांसाठी ती रिकामी. काही दिवसांनी पुन्हा तीच मोठी पेटी, फक्त बाटलीच्या जागी दुसरंच काहीतरी. आधीचं आठवत असलेला उंदीर सरळ नव्या वस्तूकडे धावतो, 'हे पाहुणे कधी आले?' म्हणत. विसरलेला दोन्हींपाशी सारखाच रेंगाळतो. गोळी मिळालेल्यांना आठवडाभरानंतरही आठवतं. न मिळालेले दोन दिवसांत विसरतात. थोडक्यात, पाहून झाल्यावर तोंड गोड झालं तर पाहिलेलं पक्कं होतं. माझ्या शाळेत नेमकी उलट पद्धत होती. तिथे तोंडाऐवजी तळहात, आणि गोळीऐवजी छडी. मला शब्दरूपं आजही पाठ आहेत, ती कोणाच्या प्रेमानं नव्हे.

बायको शेजारच्या खोलीत संगणकावर फक्त मोठी पेटी बघत असते. जाताना बजावून गेली, "निळ्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही. कळलं?"

"एक कणसुद्धा नाही," मी म्हणालो.

६ मार्च

निळे आठ आहेत आणि विभक्त्याही आठच. तेव्हा नावं ठेवायला मला वेळ लागला नाही. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी आणि संबोधन. आठही नर आहेत, पण व्याकरणापुढे कोणाचं चालतं? चतुर्थी ही दान घेणाऱ्याची विभक्ती. तिच्याच नशिबी रिकामी वाटी यावी, याला मी विद्यापीठाचा उद्धटपणा म्हणतो.

तांबडे वाटीत तोंड घालतात आणि मी आहे की मेलो याची त्यांना पर्वा नसते. निळ्यांचं तसं नाही. ते वाटीत डोकावतात, मग वर माझ्याकडे बघतात. सर्कशीत तिकीट काढून बसावं आणि तंबूच रिकामा निघावा, तसं. मला लाज वाटते. "नाही रे राजा, तुला काही नाही, वरून हुकूम आहे," असं म्हणून कानामागे जरा खाजवतो. वेळ संपेपर्यंत दुसरं करणार काय? मात्र एक कणही दिलेला नाही. या बाबतीत मी हरिण आणि गवत दोन्ही समोर असताना उपाशी राहणारा व्रतस्थ वाघ आहे.

घरी येताना बायकोला विचारलं, "रोज रिकामी वाटी बघून ते चिडत नाहीत?"

"सुरुवातीला शोधतात. मग शोधायचं सोडतात. पुढे वाटीत गोळी ठेवली तरी शेजारून निघून जातात. बघतच नाहीत."

"मूर्ख आहेत."

"मूर्ख नाहीत हो. शिकलेले असतात ते," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी माझ्या हातात दिली.

११ मार्च

आज संपादकाचा फोन. पाणीपुरवठ्याच्या सभेची बातमी मी पाठवली होती. अध्यक्ष बोलता बोलता झोपले, हे मी कोणालाही न दुखावता चार वाक्यांत बसवलं होतं. असं वाक्य आजकाल कोणाला लिहिता येत नाही. तर हा गृहस्थ म्हणतो, "दुसऱ्या परिच्छेदात एक काना राहिलाय."

एक काना! तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसाला मजकूर पुरवतोय. पुरात उभा राहून पुरवला, तापात पडून पुरवला. 'छान जमलंय' हे दोन शब्द म्हणायला याच्या जिभेला काय फोड येतात? चूक तेवढी याला बरोबर दिसते. चूक नसलेल्या ओळी याला दिसतच नाहीत काय? अशा माणसाच्या हाताखाली वेलसुद्धा वाढणार नाही. झाडाला निदान पाणी तरी घालतात.

रागानं जेवण गेलं नाही. नंतर बायकोनं प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचायला दिलं. तिनं ते मराठीतही लिहिलं आहे, हौस म्हणून. वाचलं. अनुस्वाराच्या दोन चुका आणि एक लांबलचक वाक्य होतं. लाल पेनानं खुणा करून परत दिलं.

"बाकी?" तिनं विचारलं.

"बाकी काही चुकलेलं नाही," मी सांगितलं.

१९ मार्च

पहिली परीक्षा झाली. आठवड्यापूर्वी बाटली-कुलूप पाहिलेल्या उंदरांपुढे आज बाटलीऐवजी लाकडी ठोकळा ठेवला होता. तांबडे ठोकळ्याकडे धावले. ते धावणारच होते. पण निळेही धावले! संबोधननं तर कुलपाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला अभिमानानं भरून आलं आणि मी टाळी वाजवली.

शेजारच्या खोलीतून बायको आली, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"टाळ्या काय वाजवताय? यांना आठवायला नको होतं!"

"हुशार आहेत, त्याला काय करणार?"

"अहो, निळ्यांनाही तेवढंच आठवलं, तर गोळीनं फरक पडतो हे मी कशाच्या जोरावर म्हणू? आधीच्या तिन्ही तुकड्या व्यवस्थित विसरल्या होत्या."

विसरण्यातही व्यवस्था असते, हे मला आज कळलं.

२० मार्च

सपाता बदललेल्या आहेत. एक डावी, एक उजवी. शिपायाला उपरती झालेली दिसते. मात्र नवी उजवी चालताना कुईं करते, आणि मी येतोय हे सगळ्या इमारतीला आधीच कळतं. उंदरांनाही कळतं. निळे जाळीशी येऊन उभे राहतात. ही सपात बदलून मिळावी, असं मी बायकोला सांगितलं. ती पुढची पेटी पुसायला निघून गेली.

२७ मार्च

नव्या वस्तू, नवी परीक्षा, तोच निकाल. निळ्यांना सगळं आठवतं.

आज मार्गदर्शक स्वतः आला. बायको त्याला 'सर' म्हणते. वयानं तो तिच्यापेक्षा बराच लहान असल्यामुळे मी त्याला मनात बालगुरू म्हणतो. कोणीही बोलत असलं की हा हातातल्या पेनाचं टोपण काढतो आणि लावतो. काढतो आणि लावतो. तेच करत तो म्हणाला, "मॅडम, कोणीतरी खायला घालतंय यांना. सरळ आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?"

"काका, मी कुठे काय म्हणालो?"

काका! माझ्या बातम्यांनी दोन नगराध्यक्ष घरी बसले, आणि हा मला उंदरांच्या गोळ्या चोरणारा काका ठरवतो. "खिसे तपासा माझे," मी म्हणालो. त्यानं तपासले नाहीत, पण बायकोनं तपासले. एक रुमाल, दोन पेनं आणि चष्म्याचं पुसणं निघालं.

परतताना मी तिला म्हटलं, "माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच खिसे बघितले. आता त्याच्यापुढे छातीठोक सांगता येईल."

हे मला पटलं नाही. रात्री जेवताना मी दोनदा घसा खाकरला, पण कोणी विचारलं नाही.

३ एप्रिल

बायकोनं गोळ्यांची बरणी कुलपात ठेवली, वाट्या उकळल्या, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या. निकाल तोच. तिला तीन दिवस झोप नाही. डोळे संबोधनसारखे लाल झाले आहेत.

माझा संशय बालगुरूवर आहे. तिचा प्रबंध बुडाला तर हे काम याच्या नावावर छापून येईल. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते खोटं नाही. हे बोलून दाखवल्यावर बायको म्हणाली, "तो एरवी इथे फिरकतसुद्धा नाही. उगाच कोणावर घसरू नका." कोणाची बाजू घ्यायची हे बायकांना लग्नानंतर कधीच कळत नाही.

तेवढ्यात संपादकाचा फोन. आवाजात लोणी. "तुमच्यासारखं लिहिणारं आता राहिलंय कोण? सभेचा तो मजकूर काय सुरेख होता हो!"

मी लगेच विचारलं, "काय हवंय?"

रविवारचं पान होतं. लिहिणारा आजारी पडला होता. मी ओळखलंच होतं. उभ्या जन्मात ज्यानं कौतुक केलं नाही, तो करायला लागला की माणसानं आधी खिसा सांभाळावा. 'नाही' म्हटलं आणि फोन ठेवला. पुष्कळ बरं वाटलं.

९ एप्रिल

आज जे घडलं ते लिहितो आहे. रागानं. कोणाच्या रागानं, ते नीट ठरलेलं नाही.

पडद्यामागे चतुर्थीला नेलं होतं. वाटी रिकामी. तिनं, म्हणजे त्यानं, वाटीकडे बघितलंच नाही. तो सरळ माझ्या तळहातावर चढला आणि उताणा झाला. मी नेहमीसारखा पोटाला गुदगुल्या करत होतो आणि 'संप्रदाने चतुर्थी' वगैरे काहीबाही त्याला ऐकवत होतो. मागे पडदा सरकल्याचा आवाज आला.

"काय करताय?"

"काही नाही. सांत्वन."

"रोज करता?"

"रोज."

"सगळ्यांचं?"

"छे! तांबड्यांना कशाला? त्यांना गोळ्या आहेत की. निळ्यांचंच. बिचारे."

ती स्टुलावर बसली. चतुर्थी माझ्या बाहीत शिरायला बघत होता. त्याला प्रसंगाचं गांभीर्य नव्हतं.

"मी काय सांगितलं होतं?"

"एक कण द्यायचा नाही. दिला असेल तर शपथ!"

"कण तुम्ही म्हणालात. मी म्हटलं होतं, काही म्हणजे काही नाही." तिचा आवाज चढला. "अहो, हे गोळीपेक्षा मोठं आहे त्यांना! तुमची सपात वाजली की ते जाळीशी येतात. मी ते बघत होते, आणि मला वाटत होतं, भुकेनं येतात. तुम्हीच त्यांचं बक्षीस आहात. सव्वा महिना! माझी अख्खी तुकडी तुम्ही कुरवाळून मारलीत!"

"मला काय ठाऊक, कान खाजवल्यानं कोणाची स्मरणशक्ती वाढते? माझे कान पिळले होते, तरी वाढली."

चूक झाली. विनोदाची वेळ नव्हती. ती उठून उभी राहिली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "म्हणजे येतं तुम्हाला. घरी मला वाटायचं, हा हात फक्त लाल पेन धरायला केलाय."

आणि चतुर्थीला माझ्या हातातून काढून घेऊन गेली.

१० एप्रिल

त्या वाक्याचा मला विलक्षण राग आलेला आहे. उंदरांच्या भांडणात घर कशाला? काल दुपारपासून मी उत्तरं तयार करतो आहे. उत्तम उत्तरं आहेत. विजेचं बिल कोण भरतं? तिच्या आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर कोण झोपलं? दोन डाव्या सपाता घालून पगाराशिवाय कोण राबलं? कौतुक काय तोंडानंच करायचं असतं? आपल्या माणसाचं का कोणी कौतुक करतं? आपलं माणूस म्हणजे आपणच. स्वतःची पाठ स्वतः कशी थोपटणार?

हे सगळं ऐकवायला स्वयंपाकघरात गेलो. ती मुलाशी फोनवर बोलत होती. "नाही रे, बाबांची चूक नाही. मी नीट समजावून द्यायला हवं होतं... ते मनापासून करत होते... हो, सपात बदलून दिली होती मी, दोन्ही डाव्या होत्या, लंगडत होते..."

मी पाणी पिऊन परत आलो.

१४ एप्रिल

तुकडी बाद झाली. बायकोनं बालगुरूला सगळं स्वतःहून सांगितलं. निळ्यांचे आकडे गाळून गप्प बसता आलं असतं, आणि त्यानंच तसं सुचवलंही. तिनं ऐकलं नाही. "माझ्याच प्रयोगात झालंय, मीच लिहीन," म्हणाली. त्यावर त्यानं टोपण लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. सहा महिने वाढवून मिळाले आहेत, एका अटीवर. माझी पायधूळ तिथे लागता कामा नये. निळे आठ जण नवशिक्या विद्यार्थ्यांना उंदीर कसा धरावा हे शिकवायला ठेवणार आहेत. इतके माणसाळलेले उंदीर त्या इमारतीनं पाहिलेले नाहीत म्हणे. म्हणजे माझे विद्यार्थी आता अध्यापक झाले.

डोंगर पोखरून उंदीर काढतात. मी उंदीर कुरवाळून डोंगर पाडला.

शेवटचं भेटून यावं असं वाटलं, पण अट म्हणजे अट, बाहेरूनच परतलो. सपाता दाराशी तशाच पडल्या होत्या. डावी आणि उजवी.

१७ एप्रिल

बायको आता रागावलेली नाही. हे जास्त वाईट आहे. ती टेबलाशी बसून नव्या तुकडीचा आराखडा करते, मला वेळेवर चहा देते, भाजी काय आणायची ते सांगते. माझी तयार उत्तरं तशीच पडून आहेत. ती कोणी मागतच नाही.

आज संध्याकाळी तिचं पहिलं प्रकरण पुन्हा काढून वाचलं, पेन हातात न घेता. ते चांगलं आहे. फार चांगलं आहे. उंदराच्या विसरण्याबद्दल तिनं जे लिहिलंय, तसं मला तीस वर्षांत माणसाबद्दल लिहिता आलेलं नाही. मार्चमध्येही ते एवढंच चांगलं होतं.

तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. पुष्कळ वेळ शब्द सापडेनात. उंदरांपुढे संस्कृतातून सुचत होतं. शेवटी म्हणालो, "तुझं ते प्रकरण... फार सुंदर लिहिलंयस. आणि त्या माणसाला खरं सांगितलंस, तेही मला आवडलं."

तिनं मान वर केली नाही. रेघ ओढायची होती ती ओढली, पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काय हवंय? चहा टाकू?"

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. टोमणा नव्हता. ती खरंच उठून चहा टाकायला गेली.

आता हे लिहितोय. संपादकाचा राग नाही, बालगुरूचा नाही, सपातांचाही नाही. तुकडीची काळजी नाही, ती दुसरी तुकडी करील आणि नीट करील. मला काळजी आहे ती वेगळीच. तिनं माझ्याकडे बघणं केव्हाच सोडलं असेल, आणि मला ते इतक्या वर्षांत कळलंच नसेल. उद्या पुन्हा म्हणून बघणार आहे. परवाही. तिला ते ऐकू येईल की नाही, हे मला माहीत नाही.